बरोबर पुरुष कोण आहे?

"मॅडम, सगळ्या लेडीजच का? बरोबर जेन्ट्स कोण आहे?"

फोनवरचा आवाज उद्धट नव्हता. काळजीचाच होता. म्हणूनच उत्तर देणं जास्त अवघड गेलं. मी सांगितलं, आम्ही 25 जणी आहोत. सगळ्यांत लहान 19 वर्षांची, सगळ्यांत मोठी 62 वर्षांची. मी स्वतः 34 वर्षांची आहे, एम.एस.डब्ल्यू. करून गेली 10 वर्षं मुलुंड-घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये काम करते आहे.

"तसं नाही मॅडम. पण जंगल आहे, नदी आहे, रात्रीचा मामला. काही झालं तर जबाबदारी कोण घेणार? तुमच्या संस्थेच्या सरांचं पत्र आणा."

आमच्या संस्थेत सर नाहीत, अध्यक्ष बाई आहेत, असं मी म्हटलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग त्यांच्या मिस्टरांची सही चालेल."

मैत्रिणींनो, मीही आधी हसले. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की या माणसाने मला एकही कामाचा प्रश्न विचारला नव्हता. कोणाला पोहता येतं का, कोणाला दमा किंवा फिट्स आहेत का, गरोदर कोणी आहे का, काही नाही. जंगलात नदीकाठी तंबूत रात्र काढणाऱ्या माणसांच्या जिवाला ज्या गोष्टींनी धोका होऊ शकतो, त्यातलं एकही नाव त्याच्या तोंडून आलं नाही. त्याला फक्त एक पुरुष हवा होता. कागदावर का होईना.

पत्र आम्ही दिलं नाही. तीन आठवडे फोन करून, अर्धे पैसे आगाऊ भरून जागा मिळवली. कर्जत तालुक्यात उल्हास नदीच्या काठी, जंगलाला लागून असलेली ही साधी जागा. कापडी तंबू, सतरंज्या, शेकोटी, चुलीवरचं जेवण आणि चार संडास. त्या एका रात्रीबद्दल मला लिहायचं आहे. सहलीचं वर्णन म्हणून नाही. आपल्या चळवळीत ज्या मागणीला आपण अजून मागणी म्हणत नाही, तिच्याबद्दल.

ही चैन आहे का?

जाण्याआधी महिला संघटनांच्या एका बैठकीत मी हा बेत सांगितला. एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, "रेशन, मारहाण, पाणी हे प्रश्न पडलेत आणि तुम्ही बायकांना तंबूत झोपायला नेताय? ही चैन झाली." मी त्यांना मानते. वस्तीत पहाटे तीन वाजता मारहाणीची केस आली तर आजही मी पहिला फोन त्यांनाच करते. म्हणून त्यांचा प्रश्न बाजूला टाकता येत नाही.

पहिली गोष्ट पैशाची. यात प्रकल्पाचा एक रुपया नव्हता. बचत गटातल्या 25 जणींनी दरमहा 100 रुपये वेगळे काढून वर्षभरात 1,200 रुपये जमवले. तंबू, दोन जेवणं आणि नाश्ता धरून माणशी 1,000 रुपये ठरले, उरलेल्यात गाडीभाडं. हॉलमध्ये पंख्याखाली बसवून बायकांना 'निर्णयप्रक्रियेतला सहभाग' शिकवला तर ते प्रशिक्षण. त्यांनी स्वतः निर्णय घेऊन स्वतःचे पैसे खर्च केले की ती चैन!

दुसरी गोष्ट त्या रात्रीच्या किमतीची. 25 जणींनी पैसे भरले होते, ठाणे स्टेशनवर कर्जत लोकलसाठी आल्या 23. एकीला बॅग भरून दारात उभी असताना आत ओढलं. दुसरीने "तब्येत बरी नाही" असा निरोप धाडला. पुढच्या आठवड्यात तिचा दंड आम्ही पाहिला. आलेल्यांपैकी एकीला नवऱ्याने रात्री नऊ वाजता व्हिडिओ कॉल करण्याच्या अटीवर सोडलं होतं. एकीची सासू म्हणाली, "नदीवर जाऊन झोपायला घरात काय जागा नाही?" खरोखरच नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपतात आणि ही दाराशी, पाय दुमडून.

ज्या गोष्टीसाठी बाईला मार खावा लागतो, ती चैन नसते. ती सत्तेची गोष्ट असते. त्याच वस्तीतला मुलगा शनिवारी रात्री मित्राच्या बाईकवर बसून "लोणावळ्याला चाललोय" असं नाक्यावरून ओरडून सांगतो, तेव्हा त्याला जबाबदारी कोणाची, असं कोणी विचारत नाही. त्याला घरचे फार तर स्वेटर घे म्हणतात.

कोणासाठी गेलीस?

आपल्या गोष्टींतल्या बायका जंगलात जात नाहीत असं नाही. सीता गेली, नवऱ्यामागून. सावित्री गेली, नवऱ्याचे प्राण परत आणायला. हिरकणी रायगडाचा कडा रात्रीच्या अंधारात उतरली, घरी तान्हं बाळ होतं म्हणून. तिच्या नावाचा बुरूज आपण मुलांना दाखवतो, तिच्या नावाच्या कक्षात स्टेशनवर आणि एस.टी. स्टँडवर बाळाला पाजतो. हिरकणीचं धैर्य खरंच आहे. पण ती चांदण्यात नदी बघायला म्हणून कडा उतरली असती तर? तिच्या नावाने बुरूज बांधला गेला नसता.

म्हणजे अंधारात जायला बाईला बंदी नाही. स्वतःसाठी जायला आहे. घाटकोपरच्या वस्तीतली बाई पहाटे चार वाजता हंडे घेऊन डोंगर उतरते, तेव्हा अंधारच असतो. उशिराची पाळी संपवून नर्स अंधेरीहून शेवटची लोकल पकडते, तेव्हाही. कायदासुद्धा हेच सांगतो. 1948 च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी सातनंतर बाईला कारखान्यात कामाला लावायला मनाई केली, तिच्या सुरक्षिततेसाठी. पुढे धंद्याला तिची रात्र हवीशी झाली. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने आणि आस्थापना कायद्याने तिची संमती आणि संरक्षणाची, वाहतुकीची सोय एवढ्या अटींवर रात्री साडेनऊनंतरही तिला कामावर ठेवायला मोकळीक दिली. मी या मोकळिकीच्या विरोधात नाही. बाईला रात्रीचं काम हवं असेल तर मिळालंच पाहिजे. पण बघा, मालकाला हवी तेव्हा रात्र सुरक्षित करता येते. दिवे लागतात, गाडी येते, गेटवर रखवालदार उभा राहतो. बाई स्वतःसाठी रात्र मागते तेव्हाच सगळ्यांना एकदम जंगल आठवतं.

1977 साली इंग्लंडमध्ये लीड्सच्या भागात बायकांचे खून होत होते, तेव्हा पोलिसांनी बायकांनाच अंधार पडल्यावर घराबाहेर पडू नका असं सांगितलं. बायका मशाली घेऊन रात्री रस्त्यावर उतरल्या आणि म्हणाल्या, संचारबंदी लावायची तर पुरुषांवर लावा. आपल्याकडे शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' या 2011 च्या पुस्तकात मुंबईच्याच संदर्भात म्हटलं, की काही कारण नसताना, नुसतं रेंगाळण्यासाठी बाहेर असणं हाही बाईचा हक्क आहे. शहरापुरतं हे आपल्याला थोडंफार पटू लागलं आहे. जंगलाचं, नदीचं नाव निघालं की आपण कार्यकर्त्याही बिचकतो. मीही बिचकले, ते पुढे सांगते.

दहानंतर तंबूबाहेर येऊ नये

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. डिसेंबरचे दिवस, नदीवर धुकं उतरायला लागलेलं. तंबू अगदी पाण्याजवळ, वळणावर लावले होते, फोटो चांगले येतात म्हणून. आमच्यातली एक ताई बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या एका पाड्यावरची, वारली समाजाची. तिने आल्याबरोबर काठावरची झुडपं बघितली आणि म्हणाली, "हे तंबू वर घ्या." माणसाच्या उंचीवर, झुडपांच्या फांद्यांत वाळलेलं गवत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. पावसाळ्यात पाणी कुठवर येतं त्याची ती खूण. डिसेंबरात पूर येणार नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं. "पण नदीच्या वळणावर कोणी झोपत नाही," एवढंच ती म्हणाली.

हीच उल्हास नदी 27 जुलै 2019 रोजी वांगणीजवळ अशी फुगली, की महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून पडली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. नदीकाठच्या तंबूतला खरा धोका हा आहे. दुसरा धोका सापाचा. फुरसं, घोणस, मण्यार, नाग. साप चावल्यावर झाडपाल्यात वेळ घालवायचा नाही, चीर द्यायची नाही, 108 ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा. जवळचा असा दवाखाना कोणता, जिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन मिळतं? मी व्यवस्थापकाला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. आमच्याबरोबर पुरुष नाही हे मात्र त्याला पक्कं माहीत होतं.

जेवणं झाल्यावर त्याने येऊन नियम सांगितला. लेडीज ग्रुपने दहानंतर तंबूबाहेर यायचं नाही. पलीकडे कुठल्याशा ऑफिसातले चौदा-पंधरा पुरुष उतरले होते. बाटल्या होत्या, मोठा स्पीकर होता. त्यांना नियम नव्हता. साडेनऊला त्यांच्यातले दोघं आमच्या शेकोटीजवळ येऊन "आंटी, डान्स करा ना" म्हणून गेले. मी व्यवस्थापकाकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आत बसा, म्हणजे त्रासच नाही."

आता माझी कबुली. मी परत आले आणि बायकांना म्हटलं, "चला, आत जाऊ या." दहा वर्षं मी बायकांना सांगत आले आहे की गप्प बसू नका. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, काही झालं तर उद्या पेपरात संस्थेचं नाव येईल आणि सगळे म्हणतील, सांगितलं होतं ना. म्हणजे फोनवरच्या माणसाचीच भाषा. त्याने ती माझ्या तोंडात केव्हा घातली, कळलंच नाही.

आमच्यातल्या 62 वर्षांच्या मावशी जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "आतच बसायचं होतं तर घरी काय वाईट होतं?"

मग आमच्यातल्या सहाजणी उठून पलीकडे गेल्या. मावशी पुढे, पाड्यावरची ताई बॅटरी घेऊन मागे, मी मध्ये. मावशींनी त्या पोरांना विचारलं, "कुठले तुम्ही? आई काय करते?" भांडण झालं नाही. आवाज कमी झाला. कोणी माफी मागितली नाही, पण पुन्हा कोणी इकडे फिरकलंही नाही. व्यवस्थापक आमच्यावरच रागावला. आमची शेकोटी दीडपर्यंत जळत होती. मावशींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, मुलींनी सिनेमातली गाणी म्हटली. मधेच सगळ्या गप्प झाल्या आणि नदीचा आवाज ऐकू आला. घाटकोपरची एकजण म्हणाली, "मी आजवर पाण्याचा आवाज ऐकला तो नळाचा आणि गटाराचा."

आणि ती मुलुंडची वहिनी, जिच्या नळाला पहाटे चारला पाणी येतं. लग्न झाल्यापासून 19 वर्षं ती पावणेचारला उठते आहे. त्या रात्री ती तंबूत साडेसात तास झोपली. सकाळी उठून बसली आणि रडायला लागली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, झोप झाली." ज्यांना अजून ही चैन वाटते, त्यांनी या वाक्याला उत्तर द्यावं.

आमच्या जंगलात झोपायला पैसे पडत नाहीत

गोष्ट इथे संपवली असती तर ती बायकांच्या मोकळेपणाची गोड गोष्ट झाली असती. पण सकाळी चहा घेताना पाड्यावरची ताई हसत हसत म्हणाली, "तुम्ही हजार रुपये भरून जंगलात झोपलात. आम्ही रोज फुकट झोपतो." सगळ्या हसल्या. मग ती म्हणाली, "पण इथे संडास आहे आणि संडासापर्यंत दिवा आहे. आमच्याकडे तो नाही."

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं जंगल सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. तुळशी आणि विहार हे तलाव त्यातच, दहिसर नदी तिथूनच निघते. सुट्टीच्या दिवशी आपण तिथे कान्हेरीची लेणी बघायला जातो, हवा खायला जातो. उद्यानात आणि त्याला लागून असलेल्या आरे कॉलनीत वारली, मल्हार कोळी, काथोडी, कोकणा लोकांचे पाडे आहेत. ही माणसं उद्यान झाल्यावर आलेली नाहीत, उद्यान त्यांच्या भोवती झालं आहे. वाघबारशीला ती वाघोबाला पुजतात. बिबट्या त्यांना शत्रू नाही, शेजारी आहे. पण शेजाऱ्याच्या वाटेत रात्री जाऊन बसायचं नसतं, हेही त्यांना माहीत आहे.

2015 साली कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत उद्यान आणि परिसरात 35 बिबटे आढळले. बिबट्या मुख्यतः रात्री फिरतो. उभ्या माणसाला तो सहसा टाळतो, पण अंधारात उकिडवं बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं वाटू शकतं. आता सांगा, अंधारात उकिडवं कोण बसतं? ज्याच्या घरी संडास नाही ते. आणि दिवसभर रोखून धरून अंधाराची वाट कोण बघतं? बाई. पुरुष दिवसाउजेडी झाडामागे जाऊन येतो. ताई सांगते, पाड्यावर बायका रात्री दोघी-तिघींनी मिळून जातात. एकीने बसायचं, दुसरीने बॅटरी मारत बोलत राहायचं. ज्या रात्री सोबतीण आजारी असते, त्या रात्री पाणी प्यायचं नाही. पाळीच्या दिवसांत काय होत असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

बाईचं जंगल आणि बाईचा अंधार हे एवढ्याजवळ, आपल्या बोरिवलीत आहेत. तिथे "जबाबदारी कोणाची?" असा काळजीचा फोन कोणी करत नाही.

कायद्याचं बघा. 2006 चा वनहक्क कायदा आदिवासींच्या लढ्यातून आला. त्यात जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचा, असं स्पष्ट लिहिलं आहे, ही आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट. त्याच कायद्याच्या कलम 3(2) मध्ये जंगलातल्या वस्तीला कोणत्या सार्वजनिक सोयींसाठी वनजमीन देता येते त्याची 13 गोष्टींची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या तारा, पिण्याचं पाणी, रस्ते, समाजमंदिर वगैरे. ती यादी मी तीनदा वाचली. तिच्यात संडास नाही. यादी करणाऱ्यांना टेलिफोनच्या तारा आठवल्या. बाईचा रात्रीचा रस्ता आठवला नाही. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' ची मोहीम चालली, आपल्यातल्या कितीतरी गट तिच्यात होते. आपण स्टेशनं मोजली, बाजार मोजले, हायवे मोजले. पाडे आपण मोजले का?

याच्या उलट कामाच्या वेळी रात्र कशी चालते तेही पाहिलं आहे. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत 2,141 झाडं पडली. अडवायला गेलेल्यांना पकडलं, त्यांत बायका होत्या. जंगलात रात्री जायला बाईला भीती घालतात. करवतीला नाही घालत.

आमच्या मावशींचीही गोष्ट यातलीच. त्यांची झोपडी पूर्वी याच उद्यानाच्या कडेला होती. 1997 साली उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला, पुढच्या वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, त्यात त्यांचीही गेली. जंगल वाचलं पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. तुळशी-विहारचं पाणी आणि आपला श्वास त्यावर आहे. पण जंगलाच्या कडेला राहिल्याबद्दल जिचं घर पाडलं, तिनेच या वर्षी जंगलाच्या कडेला एक रात्र झोपायला 1,000 रुपये मोजले, हा हिशेब मला मांडता येत नाही. पैसे भरणाऱ्याच्या तंबूने जंगल बिघडत नाही आणि गरिबाच्या चुलीने बिघडतं, हे कोणतं पर्यावरण?

चार संडास आणि दोन बायका

एक गोष्ट लिहिताना लाज वाटते. तंबूच्या त्या जागेवर जवळच्या आदिवासी वाडीतल्या दोघीजणी स्वयंपाकाला आणि साफसफाईला होत्या. आमच्यासाठी चुलीवर भाकऱ्या थापल्या त्यांनीच. सकाळी चार संडास धुतले त्यांनीच. निघताना पाड्यावरच्या ताईने त्यांना सहज विचारलं, "तुम्ही कुठं जाता?" त्यांनी नदीकडे हात केला. ते संडास गिऱ्हाइकांसाठी होते.

आम्ही 23 जणी, हक्कांवर बोलणाऱ्या, रात्रभर त्या जागेचा आनंद घेत होतो. हा प्रश्न आमच्यातल्या एकीलाच सुचला, जिच्या घरी संडास नाही. आम्ही व्यवस्थापकाला विचारलं. तो म्हणाला, "त्यांना सवय आहे." मैत्रिणींनो, "त्यांना सवय आहे" आणि "बरोबर पुरुष कोण आहे" ही एकाच माणसाची दोन वाक्यं आहेत. एका बाईला तो जंगलापासून वाचवू बघतो, दुसरीला जंगलातच सोडून देतो. दोघींनाही विचारत मात्र नाही.

म्हणून मला असं वाटतं, की तंबूची रात्र ही एक मागणी आणि पाड्यावरचा दिवा-संडास ही दुसरी, असं आपण वेगवेगळं धरू नये. पहिलीला चैन आणि दुसरीला प्रश्न म्हणू नये. दोन्ही मिळून मागणी एकच आहे, रात्र बाईची आहे. तिला हवं तेव्हा ती बाहेर येऊ शकली पाहिजे आणि तिला नको असेल तेव्हा बाहेर जावं लागता कामा नये. यातलं एकच मागितलं, तर ते अर्धं होईल. नुसता मोकळेपणा मागितला तर पैसेवाल्या बायकांना तंबू मिळतील आणि वाडीच्या बाया ते झाडतील. नुसता संडास मागितला तर रात्री आठला दार लावून घेणं हीच सुरक्षितता ठरेल.

तर मग काय करायचं? अशा जागांचं बुकिंग करताना पुरुषाची सही मागितली तर देऊ नका. उलट आपले प्रश्न विचारा: पावसाळ्यात पाणी कुठवर येतं, तंबू त्याच्या वर आहेत का, रात्रभर दिवा असतो का, जवळचा सरकारी दवाखाना कोणता, त्रास देणाऱ्या गटाला बाहेर काढण्याचा नियम आहे का आणि इथे काम करणाऱ्या बाया कोणता संडास वापरतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं नाही तर पैसे परत घ्या. बोरिवली, मुलुंड, गोरेगावच्या गटांनी आपापल्या बाजूच्या पाड्यांवर जाऊन, तिथल्या बायकांना बरोबर घेऊन, रात्रीची वाट चालून बघावी आणि किती पावलांवर दिवा नाही ते लिहून काढावं. वनहक्क कायद्याच्या त्या यादीत संडास हा चौदावा शब्द घालण्याची मागणी आपण लावून धरली पाहिजे. जंगलाला धक्का न लावता संडास आणि सौरदिवा बसवता येतो. तंबूवाल्यांनी ते करून दाखवलंच आहे.

आम्हाला त्या जागेवर पुन्हा बुकिंग मिळणार नाही. निघताना व्यवस्थापकाने तसं सांगितलं, "फक्त लेडीज ग्रुप आता घेणार नाही, फार डोकेदुखी." ठीक आहे. पुढच्या वर्षासाठी बचत गटात पुन्हा 100 रुपये जमा व्हायला लागले आहेत. या वेळी 31 जणींनी नावं दिली आहेत. दारातून मागे ओढली गेली तिचंही नाव त्यात आहे. ज्या मैत्रिणीचा दंड आम्ही पाहिला, तिची केस आम्ही चालवतो आहोत. तिने नाव दिलेलं नाही. ती म्हणते, "आधी घरातली रात्र सुधारू दे."

तिचं म्हणणं मी इथे मुद्दाम लिहिलं. कारण रात्रीचा हिशेब शेवटी तिथूनच सुरू होतो.

ज्येष्ठ कार्यकर्तीला मी हे सगळं सांगितलं. त्यांना अजून पूर्ण पटलेलं नाही. पण त्यांनी विचारलं, "पुढच्या वेळी जाल तेव्हा कळव. गुडघे दुखतात माझे, पण शेकोटीशी बसता येईल." बत्तिसावं नाव मी पेन्सिलने लिहून ठेवलं आहे.

तुमच्या गटात असा बेत कोणी केला असेल, अडवणूक झाली असेल, मार्ग निघाला असेल, तर अंकासाठी जरूर लिहून पाठवा. पत्रावर कोणा सरांची सही लागणार नाही.